तातं पाणी, पांगारा आणि बारी : सुरगाण्याची नावं

उंबरठाण, पिंपळसोंड, खुंटविहीर, म्हैसखडक, पांगारणे, मोहपाडा, घागबारी. नुसती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणून पाहा. या यादीत कुणी राजा नाही, सरदार नाही, 'पूर' नाही, 'बाद' नाही, कुणाच्या नावाचं 'नगर'ही नाही. आहे ते उंबराचं झाड, पिंपळाखाली उतरत गेलेली डोंगराची सोंड, तोडलेल्या झाडाच्या खुंटाजवळची विहीर, फुललेला पांगारा, मोहाची झाडं आणि डोंगर ओलांडायची खिंड. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला गुजरातला टेकलेल्या या तालुक्यात नावं ठेवणारी माणसं जागेवर उभी राहून, समोर दिसेल त्याचं नाव घेत होती. त्यांची भाषा कुठे गेलेली नाही. ती आजही बाजारात आणि एसटीत ऐकू येते. सुरगाण्याच्या नावांचा विचार याच गोष्टीपासून सुरू केला पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो.

सुरगाणा हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं, १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झालं. नाशिकहून दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याच्या वाटेला लागलं की बोरगाव येतं. तिथून एक फाटा सुरगाण्याला जातो आणि सरळ रस्ता हातगडाच्या कुशीतून गुजरातेत शिरतो. तालुक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत. कोकणा सर्वांत जास्त, त्याखेरीज वारली, महादेव कोळी, भिल्ल. पश्चिमेला आणि उत्तरेला गुजरातेतले धरमपूर, वांसदा आणि डांग. सीमा नकाशावर आहे. लग्नं, बाजार, देव आणि बोली त्या सीमेला जुमानत नाहीत. २०२२च्या अखेरीस सीमेलगतच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाने नाहीत म्हणून गुजरातेत सामील करा अशी मागणी केली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने सुरगाण्याचं नाव ऐकलं. चार दिवस बातम्या झाल्या. शहरातला माणूस 'सुरगाणा' वाचतो तेव्हा त्याला सूर ऐकू येतो आणि गाणंही. ऐकायला गोड आहे, पण तालुक्यातल्या नावांची जातकुळी गोड नाही, कामाची आहे.

आधी जमिनीचा उतार घ्या. 'बारी' हा शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला रांगेतला पाळीचा नंबर वाटतो. नाशिक-खानदेशच्या डोंगरात बारी म्हणजे खिंड, डोंगर ओलांडायची जागा. १६७० साली सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची मोगलांशी लढाई झाली ती कांचनबारीला. चांदवडजवळची राहूडबारी हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही ठाऊक आहे. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव तर नुसतं 'बारी'च. सुरगाण्यात घागबारी आहे, दांडीची बारी आहे. तसंच 'सोंड'. गिर्यारोहक हा शब्द आता सर्रास वापरतात, पण पिंपळसोंड हे नाव ज्याने ठेवलं त्याला गिर्यारोहण करायचं नव्हतं. कुठल्या धारेने गुरं खाली उतरतात ते त्याला सांगायचं होतं. 'माळ' म्हणजे वरचा सपाट भाग, 'ओहळ' म्हणजे पावसाळ्यात फुगणारा आणि फेब्रुवारीत आटणारा नाला. भोरमाळ आणि उंडओहळ ही दोन नावं शेजारी ठेवली की शेती कुठे होईल आणि भात कुठे टिकेल याचा अंदाज न जाताही येतो.

पाण्याचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सुरगाण्याचं सगळं रडगाणं पाण्याचंच आहे. पाऊस इथे धो धो पडतो. याच डोंगररांगेत केमच्या डोंगरावर गिरणा उगम पावते आणि पूर्वेला तापीकडे निघून जाते. नार आणि पार पश्चिमेला उतरतात, एकमेकींना मिळतात आणि वलसाडच्या अंगाने अरबी समुद्र गाठतात. केळावणजवळ नार भिवतासच्या धबधब्यातून कोसळते तेव्हा पर्यटक फोटो काढायला रांग लावतात. तीच नदी डोंगरावरच्या पाड्यांना उन्हाळ्यात एक हंडाही देत नाही. काळ्या खडकाचा उतार पाणी धरून ठेवत नाही. मग बायका दरीत उतरतात, झिऱ्याच्या कडेला बसतात आणि वाटीने पाणी साठेल तसं हंड्यात भरतात. दांडीची बारी हा पाडा २०२२ साली देशभर गाजला तो याच कारणाने. पाण्याच्या वणवणीमुळे तिथे नवी नवरी टिकत नाही, अशी बातमी होती.

ही वणवण नावांत आधीच लिहून ठेवलेली आहे. खुंटविहीर, रगतविहीर. इथल्या 'विहिरी'ला आपण समजतो तशी दगडी बांधणी, रहाट, पायऱ्या असतीलच असं नाही. पाझर धरलेला खड्डा, कडेला चार धोंडे, की झाली विहीर. ती जिथे मिळाली तिथे वस्ती बसली आणि वस्तीला तिचंच नाव पडलं. उंबराचंही तसंच. उंबरठाण म्हणजे उंबराखालचं देवाचं ठाण, असा अर्थ ऐकणाऱ्याला लगेच लागतो. पण उंबर देवाचं झाड झालं कशामुळे? उंबराच्या आसपास पाणी असतं, ही समजूत खेड्यापाड्यांत पक्की आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूगर्भातलं पाणी ओळखण्यावर 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे आणि झाडांवरून पाणी ओळखायच्या खुणांत उंबरही आहे. उज्जैनच्या ज्योतिष्याने जे श्लोकात घातलं ते इथल्या माणसाने गावाच्या नावात घातलं. पोथी वाचायला संस्कृत लागतं, गावाचं नाव वाचायला तहान पुरते.

झाडांची यादी लांबतच जाते. बोरगावात बोर, पळसनमध्ये पळस, करंजूलमध्ये करंज, केळावणात केळ, आंबाठा आणि आंबूपाड्यात आंबा. घोडांबे हे नाव माझ्या कानाला फार आवडतं. घोडचूक, घोडनवरी म्हणताना आपण 'घोड' हा शब्द मोठ्या, बेढब गोष्टीला लावतो, तसाच हा घोड-आंबा असावा, असं मला वाटतं. मोठ्या बुंध्याचा, आंबट, लोणच्याचाही नसलेला. गावकऱ्यांची गोष्ट वेगळी निघाली तर मी त्यांची मान्य करेन.

पण या तालुक्याचं नावांचं खरं मर्म एका झऱ्यात आहे. पिंपळसोंडच्या परिसरात गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांचं नाव 'तातापाणी'. कोकणा बोलीत तात म्हणजे गरम. शहरी मराठी वाचकाला हा शब्द परका वाटतो, आदिवासी वाटतो. तो परका मुळीच नाही. संस्कृत 'तप्त', प्राकृत 'तत्त', त्यातून आलेला हा 'तात'. गुजरातीत 'तातुं' आजही चालतं. छत्तीसगडच्या बलरामपूर जिल्ह्यात गरम पाण्याचं ठिकाण आहे, त्याचं नाव तातापानी. हिमाचलात सतलजच्या काठी आहे, तत्तापानी. नेपाळात गेलात तर तातोपानी. शेकडो मैलांच्या अंतरावर, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी एकाच जातीच्या झऱ्याला एकच नाव दिलं, आणि त्या साखळीतलं आपल्याकडचं टोक सुरगाण्यात आहे. पुस्तकी मराठीने हा शब्द वापरातून टाकला. डोंगरातल्या बोलीने जपला.

शेजारच्या वांसदा तालुक्यात, गुजरातेत, उनाई आहे. तिथेही गरम पाण्याचं कुंड, तिथे उनाई मातेचं देऊळ. नाव कुठून आलं? सांगितली जाणारी कथा अशी : रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, सीतेने त्यात स्नान केलं आणि ती म्हणाली, 'हुं नाही', म्हणजे मी न्हाले. त्यावरून उनाई. सीतेला गुजराती येत होतं हे मान्य केलं तरी कोकणातली उन्हेरे आणि उन्हवरे ही गावं उरतातच. तिथेही गरम पाण्याचेच झरे आहेत आणि तिथे सीता न्हायला आल्याची गरज कुणाला पडली नाही. ऊन म्हणजे उष्ण, एवढंच. उनाईचं नाव इतकं उघड असताना त्यावर कथेचा शेला पांघरला गेला, कारण तीर्थक्षेत्राला कथा लागते. नाशिकचंही तेच झालं. शूर्पणखेचं नाक शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सुरगाण्याच्या बहुतेक गावांना असलं तीर्थमाहात्म्य लाभलं नाही, म्हणून त्यांची नावं स्वच्छ राहिली. हे नशीब कितपत टिकेल सांगता येत नाही. डांगात सुबीरला शबरीधाम उभं राहिलं, २००६ साली तिथे शबरी कुंभ भरला, आणि भोवतालच्या डोंगर-तळ्यांना रामायणातली नावं चिकटू लागली. भक्तीला माझी हरकत नाही. मात्र नवं नाव आलं की जुनं नाव उच्चारायला लोक लाजू लागतात, आणि तिथून त्याला उतरती कळा लागते.

आता ही बोली कोणाची, हा प्रश्न. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात वारली बोली मराठीच्या खंडात घातली, तो खंड १९०५चा. डांगी आणि खानदेशी मात्र भिल्ल भाषांच्या खंडात गेल्या, १९०७ साली. हल्लीच्या जनगणनेत कोकणा आणि वारली दोन्ही भिली गटात मोजल्या जातात. एकाच माचीवर बसून बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या बोलींना कागदावर अशी बिऱ्हाडं बदलावी लागली. भाषावार राज्यरचनेच्या काळात तर डांगची बोली मराठी की गुजराती यावर मुंबई राज्यात रणकंदन झालं आणि १९६० साली डांग गुजरातेत गेला. दोन्ही बाजूंनी दाखले काढले, दोन्ही बाजूंचे दाखले खरे होते. गुजरातेत डाह्याभाई वाढू यांनी कोकणांची रामकथा गोळा केली ती 'कुंकणा' या नावाने. इकडे महाराष्ट्रात गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली आला, आणि आदिवासी बोलींना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. मला हे स्वतंत्र जागा देणं पटतं. 'तात' आपल्या प्राकृताचाच नातू निघाला म्हणून कोकणा ही मराठीची पोटबोली ठरवून मोकळं होण्याची घाई आपण करतो, पण मग गुजरातीलाही तोच हक्क द्यावा लागेल.

शिवाय 'कोकणा' हे नाव स्वतःच एका जागेचं नाव आहे. परंपरा सांगते की दुर्गादेवीच्या दुष्काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, ही माणसं कोकणातून घाट चढून आली. ज्या जागेतून आले तिचं नाव त्यांनी अंगावर घेतलं आणि ज्या जागेत आले तिला झाडाझुडपांची नावं दिली. त्यांच्या आधी भिल्ल होते, वारली होते. त्यामुळे 'मूळ' नाव कोणाचं हा प्रश्न इथे थरांचा आहे. एका गावाच्या नावात भिल्लाचा डोंगर, कोकण्याचं झाड आणि मामलेदाराची शेपटी एकत्र सापडू शकते. शेपटी म्हणजे 'दिगर'. शिंदे दिगर. दिगर हा फारसी शब्द, अर्थ 'दुसरं'. एकाच नावाची दोन गावं दफ्तरात आली की कारकुनाने एकापुढे 'दिगर' लावायचं. तोच न्याय बुद्रुक-खुर्दला. गावातली माणसं ते बोलताना घेत नाहीत, सातबाऱ्यावर मात्र ते हटत नाही. शिंदे गावाला शिंदे सरदारांशी जोडायचा मोहही आवरावा, शिंदीची झाडं असलेली शिंदे नावाची गावं महाराष्ट्रात कमी नाहीत.

गावांच्या नावांवरून इतिहास काढायचा नाद महाराष्ट्राला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लावला. वसाहत कशी पसरली याचा माग त्यांनी ग्रामनामांतून काढला. त्यांचा आवाका अचाट होता, पण कल त्याहून अचाट. नाव हाती आलं की ते संस्कृताच्या मुशीत ओतायचं. पुढे फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने उलट बाजूने पाहिलं. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली यांतली 'वली' द्राविडी 'पल्ली'शी जोडून अशी नावं कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ याचे त्याने नकाशे काढले. त्याच्यामुळे कळलं की कोकणपट्टीत फार जुनी, आता बुजलेली भाषिक वस्ती असणार. खुद्द 'पाडा' हा शब्दही वादाचा. कुणी तो संस्कृत 'पाटका'तून आणतं, कुणी द्राविडी 'पाडि'तून. अभ्यासकांना हा वाद घालू द्यावा. पण मला एक खटकतं. सुरगाण्याचं नाव फोडायला बसलेला माणूस आधी कोश उघडतो, मग संस्कृत, मग तमिळ, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, पाड्यावरच्या आजीला विचारतो. क्रम उलटा हवा. आजीला जे नाव उलगडत नाही त्याच्यापुरताच कोश काढावा.

ही नावं पाड्यावर कागदाविना टिकली कशी, तर ती वर्षातून ठरलेल्या वेळी मोठ्याने घेतली जातात. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून दिवाळी सुरू करतो. त्याच दिवशी डोंगरात वाघबारस असते. शिवेवरच्या वाघदेवाला नैवेद्य दाखवायचा, गुरं राखणाऱ्या पोरांचा मान करायचा. वाघ या डोंगरांतून गेला, बिबट्या राहिला, देव मात्र वाघच. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव. व्रत धरलेले माऊल्या रात्रीमागून रात्री नाचतात, पावरी वाजते, भोवतालच्या डोंगरांना नावाने साद घातली जाते आणि पुनवेला गडावर जाऊन देव पुजला जातो. थाळावर मेणाने काडी चिकटवून तिच्यावरून बोटं ओढत रात्रभर कथा सांगणाऱ्याच्या तोंडी कणसरी, म्हणजे धान्याची देवी, गावोगाव फिरते. तिच्या वाटेवर डोंगर लागतात, नद्या लागतात. भूगोलाचा तास असा रात्री भरतो आणि हजेरी डोंगरांची घेतली जाते.

दिवसा मात्र पाटी वेगळं सांगते. 'हतगड' आणि 'हातगड' दोन्ही वाचायला मिळतात. खरी गंमत रोमन लिपीतून परत येताना होते. पळसनचा 'ळ' इंग्रजीत 'एल' होतो आणि मोबाइलच्या नकाशावर परत देवनागरीत येताना 'पलसन' होऊन येतो. बाऱ्हे गावाचं 'बारहे' होतं. नाव इंग्रजीत जाऊन आलं की त्यातलं झाड सुकतं, कारण पलस नावाचं झाड कुठे उगवत नाही.

जगात अन्यत्र यावर भांडणं होऊन काही निर्णय झाले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या लाल खडकाला गोऱ्यांनी 'एअर्स रॉक' म्हटलं. १९९३ साली तिथे आदिवासींचं 'उलुरू' हे नाव जोडीने अधिकृत झालं आणि २००२ साली उलुरू आधी, एअर्स रॉक नंतर असा क्रम लागला. फ्रेझर आयलंडचं २०२३ साली 'गारी' झालं. तिथे नाव हरवलं होतं, परत आणावं लागलं. सुरगाण्यात नाव जागेवर आहे, फक्त सरकारी कागदाने त्याच्या जागी आकडा बसवला आहे. वनखात्याच्या नकाशावर डोंगराला नाव नसतं, कक्ष क्रमांक असतो. पाड्यावरचा माणूस ज्याला अमक्या उंबराचा उतार म्हणतो, तो वनरक्षकाच्या वहीत तीन आकडी कक्ष असतो. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली जमीन या क्रमांकांखाली गेली आणि तिथूनच दाव्यांची लढाई सुरू झाली. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला त्यात सुरगाण्याची माणसं मोठ्या संख्येने होती, आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. आता त्यात नदीजोडची भर पडली आहे. नार-पारचं पाणी गिरणेत वळवण्याच्या प्रकल्पाला राज्याने २०२४ साली मंजुरी दिली. त्याआधी पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पातली सात धरणं डांग-धरमपूर आणि नाशिकच्या पट्ट्यात आखली होती आणि आदिवासींच्या विरोधामुळे २०२२ साली गुजरात सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. धरणाच्या आराखड्यातही नावं नसतात, बुडीत क्षेत्र हेक्टरात मोजतात.

२००६च्या वनहक्क कायद्याने नकळत या नावांना पुराव्याचं मोल दिलं. नियम म्हणतात की दाव्यासाठी जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं हा पुरावा चालेल आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लेखी उतरवून घेतलेलं निवेदनही चालेल. सामूहिक वनसंसाधनाच्या अर्जासोबत पारंपरिक हद्दीतल्या खुणा दाखवणारा नकाशा जोडायचा असतो. याच अर्जात कक्ष क्रमांकाचाही रकाना आहे, पण तो 'माहीत असल्यास' भरायचा आहे. शेजारच्या गावांची नावं मात्र भरावीच लागतात. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४च्या महाराष्ट्रातल्या नियमांनी तर पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट मोकळी केली आहे. म्हणजे ज्या पाड्याला महसुली दफ्तरात कधी ओळ मिळाली नाही त्याने आपलं नाव आणि आपली शीव स्वतः लिहून द्यायची.

अडचण लिहिणाऱ्याची आहे. ग्रामसभेत म्हातारा बाबा बोटाने डोंगर दाखवत नावं सांगत जातो. लेखणी असते गुरुजींच्या, ग्रामसेवकाच्या किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याच्या हाती. ही माणसं बहुधा सज्जन असतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण सज्जन माणसाला शुद्ध लिहायची सवय असते. तो 'तातापाणी' ऐकतो आणि 'गरम पाण्याचा झरा' लिहितो. बाबा 'बारी' म्हणतो, तो 'खिंड' लिहितो. पुढे पडताळणीचं पथक येतं, कागद हातात धरून 'गरम पाण्याचा झरा कुठे आहे?' असं विचारतं, आणि पाड्यावर त्या नावाची जागा कुणालाच ठाऊक नसते.